नऊ नंबर, बाहेर पडून डावीकडे

स्वस्त तिकीट आणि महाग तिकीट यांत फरक काय, असं मला कुणी विचारलं, तर आता मी ठामपणे सांगू शकतो. महाग तिकिटात माणूस बायकोबरोबर पोचतो. पण हे ज्ञान मला झालं तेव्हा स्वस्त तिकीट काढून झालं होतं, आणि ते परत घेत नाहीत.

झालं काय, की आमच्या हिची थोरली बहीण, ताई, हिचं लग्न ठरलं. पन्नाशी उलटल्यावर. ताईनं आईवडिलांच्या मागे हिला वाढवलं, शिकवलं, हिचं लग्न लावून दिलं (माझ्याशी, पण त्यात ताईचा हेतू वाईट नव्हता), आणि मग एकटीच परदेशात नर्स म्हणून निघून गेली. तिकडे कुठल्याशा बागेत माळीकाम करणारा एक विधुर गृहस्थ तिच्या दवाखान्यात पाय मोडून आला आणि पाय बरा झाल्यावरही येतच राहिला. आता रजिस्ट्रारसमोर सह्या करायच्या होत्या.

"दोन साक्षीदार लागतात," ताई फोनवर म्हणाली. "तुम्ही दोघं या. शेजारणी म्हणतायत आम्ही करतो सह्या, पण मला धाकटीचीच सही हवी आहे. ती आल्याशिवाय मी त्या खुर्चीत बसायची नाही."

हिनं फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून पोटभर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "अहो, काही झालं तरी वेळेवर पोचायचं."

"पोचायचं म्हणजे काय? पोचलोच समज," मी म्हणालो. माझं हे वाक्य घरात कुणी विसरू देत नाही.

तिकीट बघायला आमची लेक बसली. तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"बाबा, हे थेट विमान. सकाळी बसा, संध्याकाळी उतरा. जेवण, पाणी, पांघरूण, सगळं आलं त्यात."

"आणि हे खाली काय आहे? निम्म्या किमतीचं?"

"ते बघू नका."

(जे बघू नका म्हणतात ते मी आधी बघतो. स्वभाव.)

"त्यात मधल्या एका शहरात उतरवतात," ती म्हणाली. "आणि पुढचं विमान त्याच शहराच्या दुसऱ्या विमानतळावरून सुटतं. तो पार गावाबाहेर आहे. आपलं सामान आपणच घ्यायचं, आपणच वाहायचं, आणि या विमानतळावरून त्या विमानतळावर आपलं आपण जायचं. विमान चुकलं तर ते हात वर करतात."

"आपलं आपण म्हणजे कसं?"

"बसनं."

झालं! बस म्हटल्यावर माझी छाती फुगली. कारण वाचकहो, मी गावच्या बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतो. आज बसतो असं नाही, माझे केस होते तेव्हापासून बसतो. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते हे मला झोपेत विचारा. (हिनं एकदा विचारलं होतं. मी झोपेतच उत्तर दिलं आणि "पुढचे" म्हणून कूस बदलली.) मला न बघता उत्तर देता येतं. खिडकीच्या भोकातून आत येतो तो फक्त आवाज. माणूस बघत बसलं तर रांग पुढे सरकत नाही, हे या धंद्यातलं पहिलं सूत्र.

"अहो, ताईचं लग्न आहे," ही म्हणाली. "बस चुकली बिकली तर?"

"मला? बस चुकेल? उद्या माशाला म्हणशील बुडशील म्हणून!"

"परदेशातली बस आहे ती."

"चाकं गोलच असणार ना?"

यावर दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आमच्या घरात या बघण्याला फार अर्थ असतो, पण तो मला कधी सांगत नाहीत. मी तिकीट काढलं. मग कळलं की मधल्या देशात विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं तर त्या देशाचा व्हिसाही लागतो. स्वस्ताईतला बराच मोठा लचका त्यात गेला. तो लचका भरून काढायला मी परदेशात चालणारं फोनचं पॅक एकच घेतलं, माझ्या फोनवर. दोघं बरोबरच तर असणार होतो!

विमानाबद्दल मी फार बोलणार नाही. शेजारी बसायचं तर वेगळे पैसे होते, म्हणून ही पुढे आणि मी पार शेपटीकडे, शौचालयाच्या दाराला लागून. दार उघडलं की माझं कोपर आत जायचं. हिनं पुढून माझ्यासाठी बिस्किटाचा पुडा पाठवला. तो हातोहात, ओळीओळीतून माझ्यापर्यंत आला, पण वाटेत प्रत्येकाला तो आपल्यालाच दिलाय असं वाटलं असावं. माझ्या हाती कागद आला आणि चुरा आला.

मी हवाईसुंदरीला हाक मारली आणि पाणी मागितलं.

"विकत आहे," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"साधं पाणी?"

"साधंही."

"पांघरूण?"

"विकत. पुढचे."

खरं सांगतो, मला राग यायला हवा होता, पण मी भारावून गेलो. काय ते कौशल्य! मान वर नाही, आवाजात चढउतार नाही, एका दमात तीन प्रश्न निकालात. परक्या आकाशात मला कुणीतरी आपलं भेटल्यासारखं वाटलं. मी तहानलेला राहिलो, पण समाधानानं राहिलो.

मधल्या शहरात उतरलो ते सकाळी. हाताशी वेळ भरपूर होता. ही सामानाच्या पट्ट्याजवळ उभी राहिली, कारण आमची मोठी बॅग अजून यायची होती. त्या बॅगेत ताईसाठी हिनं स्वतः शिवलेला पोशाख होता, आणि ती बॅग ही माझ्या हवाली करायला तयार नव्हती.

"तुम्ही बस कुठून सुटते तेवढं बघून या," ही म्हणाली. "बघून लगेच या."

मी गेलो. बाहेरच्या दालनात जिकडे तिकडे पाट्या. बाण वर, बाण खाली, एक बाण तर चक्क मागे वळलेला. दोन विमानतळ, आणि दोघांच्याही नावात त्याच शहराचं नाव. एका पाटीवर आपण इथेच आहोत असं लिहिलं होतं आणि दुसरीवर इथे यायला वीस मिनिटं लागतील असं. मी चारदा फिरलो आणि चारही वेळा त्याच कॉफीच्या दुकानाशी आलो. दुकानदारीण तिसऱ्या वेळी माझ्याकडे बघून हसली, चौथ्या वेळी हसली नाही.

तेवढ्यात मला खिडकी दिसली. काच, काचेला भोक, आत उंच स्टूल. चौकशी! जगाच्या पाठीवर कुठेही जा, ही खिडकी ओळखू येतेच. आत कुणी नव्हतं. चहाला गेला असणार, मीही जातो. बाजूचं दार नुसतं लोटलेलं होतं.

आता इथे मी काय केलं ते नीट समजून घ्या, कारण पुढे एका जाडजूड बाईंना मला ते समजावता आलं नाही. आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. लोकांसाठी बाहेर लावलेलं वेळापत्रक कधीच खरं नसतं. खरं वेळापत्रक आतल्या बाजूला, कारकुनाच्या नाकासमोर चिकटवलेलं असतं. म्हणून मी आत गेलो. वेळापत्रक तिथेच होतं, अगदी जिथे असायला हवं तिथे. ते डोळ्यांना चष्मा लावून वाचायचं तर बसायला हवं, म्हणून स्टुलावर बसलो. दुसऱ्या विमानतळाची बस नऊ नंबरला, बाहेर पडून डावीकडे. काम झालं. मी उठणार, एवढ्यात भोकातून आवाज आला.

कुणीतरी इंग्रजीत रेल्वे स्टेशनची बस विचारत होतं.

माझी नजर आपसूक कागदावर गेली. "चार नंबर," मी म्हणालो. "उजवीकडे."

"थँक यू!"

वाचकहो, थँक यू! आमच्या स्टँडवर इतक्या वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. एकाचं उत्तर देऊन बघतो तर मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरी, आणि मग रांगच. कुणाला शहराच्या मध्यात जायचं, कुणाला बंदरावर, कुणाला नुसतं शौचालय हवं. माझं इंग्रजी यथातथाच, पण आकड्यांना आणि हाताला भाषा लागत नाही. दोन नंबर, उजवीकडे. सात नंबर, समोर. शौचालय, खांबाच्या मागे. पुढचे! काय सांगू, सकाळपासूनचा सगळा गोंधळ निवळला. आपण कुठे आहोत, कुठे जायचंय, हे सगळं मी विसरलो आणि फक्त इतरांना कुठे जायचंय तेवढं उरलं. मान खाली, बोट कागदावर, रांग झरझर सरकतेय.

"अहो, आपली बस कुठली?"

"दुसरा विमानतळ नऊ नंबर, बाहेर पडून डावीकडे."

"आणि तुम्ही येताय का?"

"इथे फक्त गाड्यांची चौकशी. पुढचे!"

पुढचे आले. त्यांच्या पुढचेही आले. एका आजोबांना मी बंदराच्या बसकडे पाठवलं, काही वाद्यवाल्या मंडळींना शहराकडे. आणि मग हळूहळू माझ्या डोक्यात काहीतरी टोचायला लागलं. मघाशी कुणीतरी मला 'अहो' म्हणालं होतं. त्या अख्ख्या देशात मला अहो म्हणणारी बाई एकच होती.

मी मान वर केली. समोर लाल टोपीवाला एक माणूस.

"माझी बायको कुठे आहे?" मी त्याला विचारलं.

"कुठल्या नंबरला?" त्यानं विचारलं. बिचारा गोंधळला होता.

मी ताडकन उठलो आणि दाराकडे वळलो, तर दारात एक जाडजूड बाई. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, छातीवर बिल्ला. विमानतळाची सुरक्षारक्षक.

"तू कोण?"

"एन्क्वायरी," माझ्या तोंडून सवयीनं गेलं.

"कोणाची?"

"सगळ्यांची. म्हणजे, इथला नाही. तिथला. तिथेही मीच बसतो. बाई, मला सोडा, माझी बायको नऊ नंबरच्या बसनं गेली."

बाईंनी मला दंडाला धरून बाहेर नेलं आणि खिडकी बाहेरून दाखवली. मघाशी घाईत मी फक्त काच, भोक आणि स्टूल बघितलं होतं. बाहेरच्या बाजूला भलीमोठी पाटी होती: हे केंद्र कायमचं बंद. तरी रांग लागली होती. आत माणूस दिसला की लोक पाटी वाचत नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला माहीत!

"हे दोन वर्षं बंद आहे," बाई म्हणाल्या. "आतला कागदही तेव्हाचा. सगळे नंबर बदलले. तू सगळ्यांना चुकीचं सांगितलंस."

"सगळ्यांना नाही," मी म्हणालो. "शौचालय तरी बरोबर सांगितलं."

"ते वरच्या मजल्यावर गेलं."

मी घसा खाकरला. "आणि नऊ नंबर?"

"नऊ नंबर गोदामांकडे जाते. सामान उतरवणाऱ्या कामगारांची बस. संध्याकाळी परत येते."

डोळ्यांसमोर एकदम चित्र उभं राहिलं: कुठल्यातरी परक्या गोदामाच्या फाटकात आमची ही, हातात ती मोठी बॅग, चालू फोन नाही, इंग्रजी मोडकंतोडकं, आणि उद्या सकाळी ताई रजिस्ट्रारच्या दारात रस्त्याकडे डोळे लावून उभी. मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, बाईंसमोरच आलं. बाई थोड्या विरघळल्या, पण नियम विरघळला नाही. मला एका खोलीत नेलं. मी खिडकीत का बसलो हे तीन वेगवेगळ्या माणसांना सांगावं लागलं. खरं वेळापत्रक आतल्या बाजूला असतं, हा माझा मुद्दा तिघांनाही पटला नाही. शेवटी एकजण दुसऱ्याला काहीतरी म्हणाला आणि तिघंही माझ्याकडे दयेनं बघायला लागले. मग सोडलं.

गोदामांची बस गेलेली. मी टॅक्सी करून गोदामं पालथी घातली. तिथल्या पहारेकऱ्यानं बॅगवाली बाई पाहिली नव्हती, पण त्यानं मला चहा दिला. मग त्याच टॅक्सीनं (स्वस्ताईचा उरलेला लचका) दुसऱ्या विमानतळावर. आमचं विमान केव्हाच उडालं होतं. दिवसाला एकच होतं ते.

तिथे एक चौकशीची खिडकी होती. खरी, चालू. मी रांगेत उभा राहिलो. माझ्या आयुष्यातली ती काचेच्या बाहेरची पहिली रांग.

"माझी पत्नी या विमानात चढली का, तेवढं सांगा हो," मी भोकाशी तोंड नेऊन म्हणालो.

"प्रवाशांची माहिती देता येत नाही."

"अहो, पण मी नवरा आहे तिचा!"

"पुढचे."

त्यानं मान वर केली नाही. केली असती तर माझा चेहरा बघून काहीतरी बोलला असता, असं मला वाटतं. मला विमानातली ती हवाईसुंदरी आठवली आणि आता ते अजिबात कौशल्य वाटेना. घसा मात्र तसाच कोरडा होता.

ताईला फोन करायला हवा होता. पण म्हणणार काय? तुझी साक्षीदार मी गोदामाच्या बसमध्ये बसवली? दहा वेळा फोन उचलला, दहा वेळा ठेवला. अकराव्या वेळी तिचाच आला.

"निघालात ना दोघं नीट?" ताईचा आवाज नुसता उजळला होता.

"हो हो. ती... ती पुढे आली आहे."

"पुढे म्हणजे?"

"माझ्यापुढे. मी जरा कामात अडकलो."

"परदेशात तुमचं काय काम?"

"चौकशीचं," मी म्हणालो आणि आवाज येत नसल्याचं नाटक करून फोन बंद केला. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. ताईनं आयुष्यभर सगळ्यांचं केलं, एकदा स्वतःसाठी काही मागितलं, आणि ते मी निम्म्या किमतीत बसवायला गेलो.

रात्र बाकावर कशी काढली ते विचारू नका. सकाळी नवं तिकीट काढलं. त्याची किंमत इथे लिहीत नाही, कारण हे छापून आलं की ही वाचेल. थेट विमानात त्या पैशात दोघं पाय पसरून गेलो असतो, एवढं समजा. मी विमानाची वाट बघत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. लग्नाची वेळ आली. लग्नाची वेळ टळली. आणि फोन वाजला. ताईचा नंबर.

मी डोळे मिटून उचलला. "ताई, मला माफ करा, माझ्यामुळे..."

"अहो, मी बोलतेय."

"अगं!" मी बाकावरून उठलोच. शेजारचा माणूस दचकला. "कुठे आहेस तू? गोदामात?"

"गोदामात कशाला? ताईकडे. लग्न लागलं आत्ताच." हिचा आवाज भरून आला होता. "मी सही केली हो. ताई माझा हात सोडायलाच तयार नाही. त्या पोशाखात काय दिसतेय म्हणून सांगू!"

मी खाली बसलो.

"आणि दुसरी सही?" मी कसंबसं विचारलं.

"ती टॅक्सीवाल्यानं केली. विमान रखडत आज सकाळी उतरलं, विमानतळावरून त्यानंच मला वेळेत आणलं. फार सज्जन माणूस. जेवायलाही थांबलाय. फोटोत छान आलाय, ताई आणि भाऊजींच्या मध्ये."

"तू मला सोडून गेलीस?"

"तुम्हीच म्हणालात, इथे फक्त गाड्यांची चौकशी. मग काय करू? ताई वाट बघत होती. मला वाटलं, रांग संपली की याल मागच्या बसनं. ड्रायव्हरला म्हटलं थोडं थांबा, नवरा येतोय. तो म्हणाला, कुठाय? मी म्हटलं, तुमच्या चौकशीच्या खिडकीत बसलाय. तो म्हणाला, बाई, तिथे कुणी नसतं. आणि गाडी सोडली त्यानं."

आता मात्र मला राहवेना. कबूल करून टाकायचं ठरवलं. "अगं, ते नऊ नंबर... ते चुकीचं होतं. मी तुला चुकीचं सांगितलं."

"माहीत आहे."

"माहीत आहे? मग पोचलीस कशी?"

"बाहेर येऊन ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला सहा नंबरमध्ये बसा. बसले."

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नव्हता?"

"त्यात विश्वासाचं काय? सगळेच तसं करतात. आपल्या स्टँडवर तुम्हाला विचारून झालं, की बाहेर येऊन कंडक्टरला विचारतात आणि मग गाडीत बसतात. मी तर लग्नाच्या आधीपासून करते."

फोनमधून तिकडचं हसणं, भांड्यांचा आवाज, आणि मधूनच टॅक्सीवाल्याचं मोठ्यानं काहीतरी बोलणं ऐकू येत होतं. मग मी धीर करून विचारलं, "मग माझ्या खिडकीपुढे रोज एवढी रांग कशाला लागते?"

ही जरा घुटमळली. मला दुखवायचं तिच्या मनात नव्हतं, हे मला आवाजावरून कळलं.

"अहो," ती म्हणाली, "अख्ख्या स्टँडवर पंखा तिथे एकच आहे ना."